अलास्कातील मासेमारी
अमेरिकेच्या अलास्का राज्यातील किनारी वस्त्यांचे प्रमुख उपजीविकेचे साधन. येथे मासेमारीचे तीन मुख्य प्रकार आहेत : व्यापारी, निर्वाहापुरती व हौशी. सॅमन, हॅलिबट, पोलॉक, कॉड व खेकडे हे महत्त्वाचे उत्पादन. ब्रिस्टल उपसागरातील लाल (सॉकाय) सॅमनची मासेमारी जगात सर्वांत मोठी आहे.

राज्याच्या संविधानाने मत्स्यसंपत्तीचा वापर तिचे पुनरुत्पादन टिकेल इतकाच करण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. सॅमनच्या व्यापारी मासेमारीसाठी मर्यादित परवाने असून त्यासंबंधीचा कायदा १९७३ मध्ये झाला. हौशी मासेमारीला परवाना व दैनिक पकडीची मर्यादा लागू असते. केनाई नदी त्यासाठी प्रसिद्ध आहे.

युपिक, इन्युपिआक, अ‍ॅल्यूट, त्लिंगित इ. आदिवासी समाजांत मासे वाळवून व धुरावून हिवाळ्यासाठी साठवतात. १९८० च्या संघीय कायद्याने संघीय जमिनी व संबंधित जलक्षेत्रांत ग्रामीण रहिवाशांच्या निर्वाहाला अग्रक्रम दिला. १९९२ पासून बेरिंग समुद्रातील पकडीचा ठरावीक हिस्सा पश्चिम अलास्कातील गावांसाठी राखून ठेवला जातो. ६५ गावे सहा संस्थांमार्फत त्याचा लाभ घेतात. त्यातून रोजगार, प्रशिक्षण, धक्के व मासळी प्रक्रिया यांना पाठबळ मिळते.

युकॉन नदीतील चिनूक सॅमन कमालीचे घटल्याने २०२४ मध्ये अलास्का राज्य व कॅनडा यांनी त्याची मासेमारी सात वर्षे स्थगित ठेवण्याचे ठरविले. याची सर्वाधिक झळ नदीकाठच्या आदिवासी कुटुंबांना बसते. त्यामुळे निर्वाहाचे हक्क जपणे व मत्स्यसाठे वाचविणे ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतात.