वाहनाची दुरुस्ती-पुस्तिका : उपयोग आणि मर्यादा

मोटारीसंबंधीच्या पुस्तिका दोन प्रकारच्या असतात. पहिली, गाडीसोबत मिळणारी मालकाची पुस्तिका. तीत दैनंदिन निगा, तेलाची प्रत, फ्यूजचा तक्ता आणि सर्व्हिसिंगचे वेळापत्रक असते. दुसरी, कार्यशाळा-पुस्तिका. तीत भाग सुटे करण्याचा व जोडण्याचा क्रम, तसेच प्रत्येक नट किती जोराने आवळावा याची मापे असतात.

कार्यशाळेतील ज्ञान सामान्य वाहनधारकापर्यंत नेण्याचे श्रेय मुख्यत्वे इंग्लंडमधील जॉन हेन्स यांना जाते. ब्रिटिश हवाई दलातर्फे एडन येथे असताना त्यांनी सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट ही मोटार पूर्ण सुटी करून पुन्हा उभी केली. त्या कामातून १९६६ मध्ये त्यांची पहिली कार्यशाळा-पुस्तिका प्रसिद्ध झाली. प्रत्यक्ष काम करताना छायाचित्रे घ्यायची आणि त्यांच्या आधारे टप्पे सांगायचे, ही पुढे या मालिकेची ओळख ठरली.

पुस्तिकेचा पहिला लाभ म्हणजे अचूक आकडा. टायरच्या कडेवर छापलेला हवेचा दाब हा त्या टायरची कमाल मर्यादा असते. गाडीसाठी योग्य दाब पुस्तिकेत किंवा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेला असतो आणि तो टायर थंड असताना मोजायचा असतो. दुसरा लाभ क्रमाचा. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. चाकाचे नट एकामागून एक न आवळता समोरासमोरच्या जोडीने आवळावेत.

गोव्यासारख्या किनारी प्रदेशात पुस्तिकेतील एका पानाकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक पुस्तिकांत खडतर वापरासाठी सर्व्हिसिंगचे वेगळे वेळापत्रक असते. धुळीचे रस्ते आणि वारंवार होणारे लहान प्रवास या वापरात मोडतात. घर ते बाजार एवढीच धावणारी गाडी कमी वापरली जाते असे वाटले, तरी तिचे तेल लवकर बदलावे लागू शकते. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर व गाडीच्या तळाशी गंज चढतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी हे भाग, वायपर व टायरची नक्षी तपासावी. नक्षीतील १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणांपर्यंत रबर झिजले असल्यास टायर बदलावा.

पुस्तिका वाचली म्हणून प्रत्येक काम घरी करावे असे नाही. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. एअरबॅग, तसेच विद्युत व हायब्रिड वाहनांतील नारिंगी रंगाच्या उच्चदाबाच्या तारा प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवाव्यात. ब्रेकच्या कामात अर्धवट अनुभव प्राणघातक ठरू शकतो. वॉरंटीच्या काळात कोणताही भाग उघडण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात.

गाडी गॅरेजमध्ये देणाऱ्यालाही पुस्तिका तितकीच उपयोगी पडते. कोणता भाग किती किलोमीटरनंतर बदलायचा हे ठाऊक असलेला ग्राहक बिलातील प्रत्येक ओळीविषयी नेमका प्रश्न विचारू शकतो.