चौथा अर्धा : औटकीचे कूळ

ज्वारी साडेतीन आणे शेर, घ्यायची 46 शेर. पैसे किती? 46 ची चौपट 184, त्यातून 46 चे निम्मे, म्हणजे 23, काढले की उरले 161 आणे. दहा रुपये एक आणा. कागद-पेन्सिल लागतच नाही. या हिशेबाची वाट एका जुन्या शब्दात जपलेली आहे. तो शब्द म्हणजे औट.

औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’, त्याचे प्राकृतात ‘अद्धुट्ठ’, आणि घासत घासत मराठीत ‘औट’. अर्थ मोठा सुंदर आहे : ज्यातला चौथा अर्धा आहे ते. चौथा अर्धा म्हटल्यावर आधीचे तीन पुरे असणारच, ते वेगळे सांगायला नकोत. अडीच याच घरातला, ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा. दीड म्हणजे ‘द्व्यर्ध’, दुसरा अर्धा.

हे घराणे फार जुने आहे. इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने मध्य प्रदेशातल्या रूपनाथ येथे लेख कोरवला. आपल्याला उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला, हे सांगताना त्यात ‘अढतिय’ हा शब्द येतो. आणि धर्माचे काम दीडपट वाढेल, हे सांगताना ‘दियढिय’. आज भाजीबाजारात ऐकू येणारे अडीच आणि दीड त्या एकाच दगडावर भेटतात! रोमन लोकांनाही हीच युक्ती सुचली होती. त्यांचे ‘सेस्टर्टियस’ नाणे अडीच ‘अस’ किमतीचे, आणि त्या नावाचा अर्थही ‘तिसरा अर्धा’च.

सव्वा, पाऊण, साडे यांची चाल निराळी. सव्वा ‘सपाद’, पावासहित. पाऊण ‘पादोन’, पाव उणे. साडे ‘सार्ध’, अर्ध्यासहित. पण इथेही नावातच रीत सांगितलेली आहे. 64 ची पाऊणपट हवी? पाव 16, तो उणा करा : 48. 48 ची सव्वापट हवी? पाव 12, तो मिळवा : 60.

या शब्दांचे पाढे झाले : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. (निमकीतला ‘नीम’ मात्र फारसीतून आलेला.) दिवेलागणीच्या परवच्यात मुले ते घोकत, कारण बाजारच पावा-अर्ध्याचा होता. रुपयाचे आणे 16, शेराची छटाके 16, आण्याचे पैसे 4. सोळाचे अर्धे, पाव, अर्धपाव, सगळे विनातुटीचे निघते. दहाचा पाव काढायला गेले की लगेच अडीच पुढे येतो.

1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले, पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. औटकीचे रोजचे काम संपले. दीड आणि अडीच टिकले. ‘साडेएक’ किंवा ‘साडेदोन’ म्हणणारा मराठी माणूस अजून सापडायचा आहे. औटाची जागा मात्र साडेतीनने घेतली.

तरी ‘औट घटकेचे राज्य’ बोलण्यात राहिले आहे. घटका 24 मिनिटांची. 24 ची चौपट 96, त्यातून निम्मे 12 वजा : त्या राज्याची मुदत 84 मिनिटे.