उंबरठ्याच्या आंतला कुत्रा

महाभारताच्या आदिपर्वाच्या आरंभीं एका कुत्र्याला विनाकारण मार बसल्याची कथा आहे. जनमेजय राजा कुरुक्षेत्रांत दीर्घसत्र करीत असतां तेथें सरमा नांवाच्या देवशुनीचा पोर आला. राजाच्या भावांनीं त्याला बडविलें. तो रडत आईकडे गेला व म्हणाला, कीं मीं हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नाहीं व त्याला जीभहि लावली नाहीं. सरमा यज्ञमंडपांत येऊन विचारती झाली, 'माझ्या मुलाचा अपराध कोणता?' त्यावर कोणींहि उत्तर दिलें नाहीं.

हाच प्रश्न गेल्या मार्गशीर्षांत माझ्या घरांत उभा राहिला, आणि उत्तर मजपाशींहि नव्हतें.

मी विठ्ठलवाडीस राहतों. कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ त आली. शेजारच्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ त त्या छावणीचें उल्हासनगर झालें. या दोहोंच्या मधली आमची वस्तीहि बऱ्याच अंशीं अन्य ठिकाणाहून आलेल्या माणसांचीच आहे. स्थानकाच्या जिन्यापाशीं एका चहावाल्याच्या बाकाखालीं काळ्या नांवाचा कुत्रा चार वर्षें राहत होता. त्याच्या कानाला खाच होती. म्हणजे निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया होऊन तो आपल्या जागीं परत सोडला गेला होता. २००१ चे नियम व त्यांच्या जागीं आलेले २०२३ चे नियम यांचा हाच दंडक. पण ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें व रेल्वेस्थानकें यांच्या आवारांतलीं भटकीं कुत्रीं उचलून निवाऱ्यांत न्यावींत, तीं पुन्हां तेथें सोडूं नयेत, असा हुकूम दिला. चहावाल्यानें वर्तमानपत्र पुढें करून मला विचारलें, 'सर, न्याल का याला?' मीं होकार दिला. घरीं विचारलें नाहीं, ही माझी चूक.

आमच्या मातुःश्रींचें वय चौऱ्यायशीं. त्यांच्या माहेरीं, वाईकडच्या वाड्यांत, कुत्रा होता. पण तो अंगणांत. त्याला भाकरी टाकीत, रात्रीं त्याच्या भुंकण्यावर विश्वास ठेवून निजत, आणि तो ओटीची पायरी चढला कीं हातांत येईल तें फेकून मारीत. या व्यवस्थेंत क्रूरपणा होता असें त्यांना वाटत नाहीं. 'कुत्रा दारचा असतो,' एवढेंच त्या म्हणाल्या.

इतिहास त्यांच्याच बाजूचा आहे, हें मला कबूल केलें पाहिजे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतल्या एका सूक्तांत घराच्या राखणदार कुत्र्याला चोरावर भुंक, आमच्यावर नको, असें विनविलें आहे. मनुस्मृतींत वैश्वदेवाच्या वेळीं कुत्र्यांसाठीं जमिनीवर हलकेच अन्न ठेवावयास सांगितलें आहे. पण तें घराबाहेर. दत्ताच्या चित्रांत चार कुत्रे पायांशीं आहेत, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धांवतो. देवाची सोबत त्याला मिळाली, देवघर मिळालें नाहीं. स्वर्गाच्या दाराशीं इंद्रानें धर्मराजाला अडविलें तें याच मुद्यावर, कीं कुत्रीं बाळगणाऱ्यांना येथें जागा नाहीं. आमच्या मातुःश्रींनीं हें पर्व मुद्दाम वाचून मला ऐकविलें. धर्मराजाचें उत्तर येईपर्यंत मात्र त्यांनीं चष्मा काढून ठेवला होता. पाँपीच्या एका घराच्या उंबरठ्यावर सांखळीला बांधलेल्या कुत्र्याचें रंगीत दगडांचें चित्र आहे, तेंहि दाराशींच.

अपवाद एक सांतारचा. छत्रपति शाहूंच्या एका कुत्र्यानें वाघाच्या शिकारींत त्यांचा जीव वांचविला, म्हणून महाराजांनीं त्याला जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला, असें ग्रँट डफनें लिहिलें आहे. एका सरदाराच्या भेटीच्या वेळीं त्याला जरीचीं वस्त्रें व जवाहीर घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असेंहि तो सांगतो. डफला हें वेडाचें लक्षण वाटलें. संगम माहुलीस या कुत्र्याची समाधि दाखवितात. पण पालखींत बसणारा हा मानकरी वाड्यांत कोठें निजत असे, लघुशंकेस त्याला कोण व केव्हां नेत असे, यासंबंधीं डफ एक अक्षर लिहीत नाहीं. जहागिरीची सनद दप्तरांत राहते, फडक्यानें पुसलेली फरशी राहत नाहीं.

कुत्रा कोणाचा, हा प्रश्न मुंबईंत एकदां रस्त्यावर आला होता. उन्हाळ्याच्या ठराविक महिन्यांत बेवारशी कुत्रीं मारण्याची मुभा तेथें १८१३ पासून होती. १८३२ त ही मुदत १५ जूनपर्यंत वाढविली, आणि दर कुत्र्यामागें आठ आणे इनाम ठेविलें. आठ आण्यांचा लोभ सुटल्यावर बेवारशी कोणता व पाळलेला कोणता हा विवेक शिपायांना राहिला नाहीं. लोकांच्या घरांतलीं कुत्रींहि ओढून नेतात, अशी ओरड झाली. पारशी धर्मांत कुत्र्याचें स्थान मोठें. प्रेतावर त्याची दृष्टि पाडण्याचा 'सगदीद' हा अंत्यविधीचाच भाग. ६ जून रोजीं, त्यांच्या एका पवित्र दिवशीं, जमावानें शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशीं दुकानें बंद पडलीं, पलटणीकडे जाणारा दाणागोटा अडला, इतर जातींचे लोकहि सामील झाले. सरकारनें लष्कर बोलावून लोकांना पकडलें. शेवटीं जमशेटजी जीजीभाई प्रभृति पुढाऱ्यांनीं रदबदली केली, आणि कुत्रीं मारण्याऐवजीं शहराबाहेर नेऊन सोडावींत असें ठरलें. काळ्याला उचलून न्यावयाची वेळ आली, तेव्हां या तोडीची मला फार आठवण झाली. कुत्रा कोणाचा हें त्याच्या अंगावर लिहिलेलें नसतें. तो कोणत्या उंबरठ्याशीं निजतो, एवढ्यावरूनच तें ओळखावयाचें. आमच्या सदनिकेला तर अंगण नाहीं, पडवी नाहीं, ओटी नाहीं. दाराबाहेर जिना आहे व जिन्यावर शेजाऱ्यांचा हक्क आहे. कुत्रा एक तर आंत, नाहीं तर परत बाकाखालीं.

पहिल्या दिवशीं गळ्यांत पट्टा घालून त्याला तासभर खालीं फिरविलें. त्यानें कांहीं केलें नाहीं. वर आल्याबरोबर पलंगाच्या पायाशीं तळें केलें. तिसऱ्या दिवशीं देवघराच्या कोपऱ्यावर पाय वर केला. मीं ओरडलों, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली, आणि खरें सांगावयाचें तर एक तडाखाहि दिला. त्यानें माझ्याकडे पाहिलें तें सरमेच्या पोरासारखें. परिणाम दुसऱ्या दिवशीं दिसला. आतां तो माझ्यादेखत कांहींच करीना. बाहेर तर मुळींच नाहीं, कारण पट्ट्याचें दुसरें टोंक माझ्याच हातीं. मी पाठ वळविली कीं तो सोफ्यामागें जाऊन मोकळा होई. मीं त्याला स्वच्छता शिकविली नव्हती. माझ्यापासून लपावयास शिकविलें होतें. मातुःश्रींनीं आठ दिवसांची मुदत घातली.

तेव्हां पुस्तकें काढलीं. थॉर्नडाइकनें १८९८ त पेटींत कोंडलेल्या मांजरांवर केलेले प्रयोग आणि पाव्हलॉव्हचीं लाळ गाळणारीं कुत्रीं हीं आम्हीं विद्यार्थिदशेंत पाठ केलीं होतीं. त्यांचें सार इतकेंच, कीं कृति व तिचें फळ यांत क्षणांचें अंतर असेल तर प्राणी त्यांची सांगड घालतो. घटका उलटल्यावर दिलेला मार त्याच्या दृष्टीनें आकाशांतून पडलेला असतो. हें मीं तीस वर्षें शिकविलें आहे. उपयोग करण्याचा प्रसंग आला नव्हता इतकेंच. पशुवैद्यानें प्रथम लघवी तपासली, कारण मूत्रमार्गाचा विकार असल्यास कोणतीहि शिस्त व्यर्थ. मग त्यानें दोन गोष्टी सांगितल्या. उभ्या वस्तूवर उडविलेले चार थेंब ही नव्या जागेंत भ्यालेल्या कुत्र्याची सही असते, भरलेलें तळें ही निकड असते. दोहोंना औषध एक नव्हे. आणि रस्त्यावर वाढलेलें कुत्रें घाणेरडें नसतें. तें आपल्या निजण्याच्या जागेपासून दूर जाऊनच मोकळें होतें. फक्त सगळें घर ही आपली निजण्याची जागा आहे, हें त्याला ठाऊक नसतें.

म्हणून घर लहान केलें. काळ्याचें अंथरूण माझ्या लिहिण्याच्या मेजाखालीं आलें, बाकीच्या खोल्या बंद. आंत असतांनाहि पट्ट्याची दोरी माझ्या कमरेला. जेवण दोनदां, ठरल्या वेळीं. उठल्याबरोबर, जेवल्यावर आणि निजण्यापूर्वीं बाहेर. फिनेलनें पुसलेला वास आपल्याला जातो, त्याला जात नाहीं; तेव्हां डाग विरजकद्रव्याच्या धुवणानें काढावे लागले. मुख्य युक्ति मात्र चहावाल्याची. बाकाखालचें जुनें गोणपाट त्यानें दिलें व म्हणाला, 'हें झाडाखालीं टाका सर.' पहांटे साडेपांचला, कर्जतची गाडी खडखडत गेल्यावर, इमारतीमागच्या गुलमोहराखालीं त्या गोणपाटाशेजारीं काळ्यानें पाय वर केला. मीं त्याच क्षणीं त्याच्या तोंडांत उकडलेल्या अंड्याचा तुकडा दिला. पहारेकऱ्यानें माझ्या आनंदाकडे ज्या नजरेनें पाहिलें ती मी विसरणार नाहीं. डफनें शाहूंकडे याच नजरेनें पाहिलें असावें.

त्यानंतर चुका झाल्या नाहींत असें नाहीं. पांचव्या दिवशीं एक, नवव्या दिवशीं एक. दोन्ही वेळां माझें घड्याळ चुकलें होतें. मुदत संपल्याचें मातुःश्रींनीं काढलें नाहीं, मींहि आठवण दिली नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत तो स्वतः उठून दाराशीं जाऊन उभा राहूं लागला, भुंकला नाहीं. मी वाचनांत होतों. आंतून हांक आली, 'अरे, काळ्या खोळंबलाय!' त्यांनीं त्याचें नांव घेण्याची ती पहिली वेळ.

देवघरापुढें त्या रोज सकाळीं रांगोळीची एक रेघ ओढतात आणि तो रेघेच्या अलीकडे हनुवटी टेकून बसतो. आमच्या घरांतला वैश्वदेव माझ्या आजोबांबरोबर संपला. हल्लीं दुपारीं पान वाढलें, कीं मातुःश्री पहिली पोळी मोडून बाजूला ठेवतात. ती बाहेर नेण्यास मात्र मला सांगत नाहींत.