झेंडू दारावर, झिनिया कुंडीत

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साताऱ्याच्या काय, सांगलीच्या काय, बाजारात झेंडूचे ढीग लागतात. त्यात झिनिया शोधूनही सापडायचा नाही. गंमत अशी, की ही दोन्ही फुलं एकाच कुळातली, आणि मूळची मेक्सिकोकडचीच. मग एकाचं दाराला तोरण झालं आणि दुसरं कुंडीतच का राहिलं?

झेंडू आधी आला. पोर्तुगीजांच्या काळात तो इकडे आला, असं मानतात. झिनियाला शास्त्रीय नाव मिळालं तेच मुळी १७५९ साली. जर्मनीतल्या गॉटिंगेनचा प्राध्यापक योहान झिन त्याच वर्षी, ऐन एकतिशीत वारला. त्याची आठवण म्हणून लिनियसनं हे नाव ठेवलं.

आपल्याकडे १८२८ साली दापोडीला सरकारी वनस्पतिबाग निघाली. १८२९ साली प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन महाबळेश्वर इंग्रजांकडे गेलं आणि तिथं बंगले उठले. परदेशी हंगामी फुलांची हौस वाढली ती अशा बंगल्यांच्या बागांतून. झिनिया त्याच पंगतीतला. त्याला वास नाही, आणि लांब दांडा ठेवून खुडायचा तो फुलदाणीसाठी. देवघराची वाट त्याला सापडली नाही ती अशी.

पण गरिबाच्या परसाला हे फूल फार सोयीचं. जुलैअखेर बी टाकलं, तर सहा-आठ आठवड्यांत फूल येतं, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास झाड भरात असतं. सांगलीकडची काळी माती पाणी धरते. तिथं वाफा उंच करावा. रोपांत वीतभर अंतर ठेवावं, शेंडा खुडावा, पाणी बुंध्याशीच घालावं. पानं ओली राहिली की बुरशीचे रोग पडतात. अंतराळस्थानकात जानेवारी २०१६ मध्ये झिनिया फुलला; तिथंही आधी दमट हवेनं बुरशी धरलीच होती! चांगलं फूल झाडावरच वाळू द्यावं. पुढच्या सालचं बी घरचंच होतं.

एक मात्र सांभाळा. २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या कासच्या पठारावर तेरडा-सोनकीचंच राज्य राहू द्या. परसातलं बी तिकडे नेऊ नका. परसात मात्र झेंडूशेजारी दोन ओळी झिनियाच्या लावा, आणि यंदाच्या तोरणात एखादं तांबडं फूल ओवून पाहा. झेंडूही एके काळी असाच परका होता.