प्रवेशअर्जाचा इतिहास आणि आपली मुले

मार्च महिना सरत आला की अमेरिकेतील आपल्या अनेक घरांत एक निराळीच शांतता पसरते. बारावीतला मुलगा किंवा मुलगी संगणकासमोर बसलेली असते, आई स्वयंपाकघरातून कानोसा घेत असते आणि वडील उगाचच दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत असतात. ठरलेल्या संध्याकाळी नामांकित विद्यापीठांचे निकाल उघडतात आणि चार वर्षांच्या परिश्रमांचे उत्तर एका ओळीत मिळते. बहुतेकांना ते नकाराचेच असते. २०२४ साली हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले; त्यांपैकी १,९३७ जणांना प्रवेश देऊ करण्यात आला. म्हणजे शंभरांत चारही नाहीत.

ती ओळ वाचून मूल विचारते, ‘‘माझ्यात काय कमी होते?’’ हा प्रश्न कोणत्याही घराला व्याकूळ करणाराच. परंतु आपल्या घरांत त्याच्यामागे एक जुनी जखम आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना वर्गाबाहेर बसून अक्षरे गिरवावी लागली, त्यांच्या कानांवर ‘तुमची पात्रता नाही’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहेत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला शिकवणीवर्गांच्या जाहिरातींपेक्षा इतिहासाकडे वळावेसे वाटते. प्रवेशाचे हे दार कोणी घडवले, केव्हा घडवले आणि कोणाला बाहेर ठेवण्यासाठी घडवले, हे समजले की नकाराचा अर्थही वेगळा लागतो.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील जुन्या महाविद्यालयांत प्रवेशासाठी आजच्यासारखी झुंबड नव्हती. जो प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होई, त्याला सहसा जागा मिळे. मात्र त्या परीक्षेत ग्रीक आणि लॅटिन या प्राचीन भाषांना मोठे स्थान होते, आणि या भाषांची पुरेशी तयारी बहुतांशी श्रीमंतांच्या खाजगी शाळांतच होत असे. कामगारांच्या, नव्याने आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांसाठी दार बंद आहे असे कोणी म्हणत नव्हते. फक्त त्याची किल्ली ठरावीक घरांतच ठेवलेली होती. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. शाळेत असताना बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली, ही हकीकत आपल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली आहे. अभिजात भाषेचे कुंपण दोन्ही देशांत एकाच कामाला आले.

१९०० साली अनेक महाविद्यालयांनी एकत्र येऊन ‘कॉलेज बोर्ड’ स्थापन केले आणि १९०१ मध्ये त्याच्या पहिल्या सामायिक परीक्षेला ९७३ विद्यार्थी बसले. हळूहळू ग्रीक-लॅटिनच्या अटी सैल झाल्या. परिणामी, सार्वजनिक शाळांत शिकलेली हुशार मुले गुणांच्या बळावर आत येऊ लागली. पूर्व युरोपातील छळाला कंटाळून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले त्यांत आघाडीवर होती, आणि त्यांना जवळचे असे एक मोठे विद्यापीठ होते न्यूयॉर्कचे कोलंबिया.

याच कोलंबियात १९१३ च्या जुलै महिन्यात भीमराव आंबेडकर दाखल झाले. मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या कोणत्याही चाळणीत हा आकडा टिकला नसता. मुंबईच्या चाळीतल्या एका खोलीत, कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या मुलाचे ते गुण होते. त्यांत ती खोली मोजलेली नव्हती, अस्पृश्यता मोजलेली नव्हती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, आणि कोलंबियाच्या पदव्युत्तर विभागाने त्यांना जातीची चौकशी न करता वाचनालय उघडे करून दिले. पुढे काय घडले ते जगाला ठाऊक आहे. १९५२ साली याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

परंतु त्याच काळात, त्याच आवारात, पदवीपूर्व महाविद्यालयाच्या दारावर वेगळाच इतिहास घडत होता. कोलंबिया महाविद्यालयात ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते. ‘जुन्या घराण्यांतील मुले आता दुसरीकडे जातील’ अशी भीती चालकांना वाटू लागली. गुण कमी आहेत असे म्हणण्याची सोय नव्हती. मग १९१९ च्या सुमारास प्रवेशअर्जच बदलला. अर्जदाराचा धर्म, वडिलांचे नाव आणि जन्मस्थान विचारले जाऊ लागले. छायाचित्र मागितले जाऊ लागले. मुलाखती सुरू झाल्या. दोन-तीन वर्षांतच ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांच्या जवळ आले. वडिलांचे नाव आणि गाव विचारून माणसाची जागा ठरवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. ती आपल्या गावच्या चावडीवरही होतीच. पुढे १९२८ मध्ये कोलंबियाने ब्रुकलिनमध्ये ‘सेथ लो ज्युनियर कॉलेज’ काढले आणि मुख्य महाविद्यालयात नको असलेल्या अनेक ज्यू मुलांना तिकडे वळवले. पुढे विज्ञानकथांचे लेखक म्हणून जगभर गाजलेले आयझॅक अॅसिमोव्ह हे १९३५ साली तिकडे पाठवलेल्यांपैकी एक होते.

हार्वर्डमध्येही हेच घडले. १९२२ मध्ये तेथे नवागतांतील ज्यूंचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांनी त्यावर उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. याच लॉवेल यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना नवागतांच्या वसतिगृहात राहण्यास बंदी केली होती. उघड मर्यादेला विरोध झाला, प्रस्ताव फेटाळला गेला. पण १९२६ मध्ये तेच उद्दिष्ट आडवाटेने साधण्यात आले. प्रवेशसंख्या मर्यादित करण्यात आली आणि निवडीत गुणांच्या बरोबरीने ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’ यांना महत्त्व देण्यात आले. अर्जासोबत छायाचित्र अनिवार्य झाले. चारित्र्य कोणाकडे आहे हे ठरवण्याचा अधिकार अर्थातच दार राखणाऱ्यांकडे राहिला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देण्याची प्रथाही याच दशकात पक्की झाली.

आज आपली मुले क्रीडास्पर्धा, वाद्यवादन, समाजसेवा, शिफारसपत्रे आणि स्वतःविषयीचा निबंध यांच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावतात, त्या ‘सर्वांगीण’ निवडपद्धतीचा उगम हा असा आहे. या पद्धतीने पुढे चांगलीही कामे केली, हे नाकारण्याचे कारण नाही. १९६० च्या दशकातील नागरी हक्कांच्या चळवळीनंतर हीच मोकळीक वापरून विद्यापीठांनी कृष्णवर्णीय आणि इतर वंचित विद्यार्थ्यांना दार उघडून दिले. पण जे हत्यार उघडायला वापरता येते, त्याचा जन्म बंद करण्यासाठी झाला होता, हे विसरता कामा नये.

मग केवळ परीक्षेवर विसंबावे काय? तिचाही इतिहास निर्मळ नाही. आज ‘एसएटी’ म्हणून ओळखली जाणारी परीक्षा प्रथम १९२६ मध्ये घेण्यात आली. ती तयार करणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिघम यांनी १९२३ मध्ये एक पुस्तक लिहून वंशांची बुद्धिमत्ता उच्च-नीच असते असे प्रतिपादन केले होते. सात वर्षांनी त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. परंतु तोपर्यंत अशा विचारांनी अमेरिकेच्या स्थलांतरविरोधी कायद्यांना बळ दिले होते. दुसरीकडे, हार्वर्डचे पुढचे अध्यक्ष कोनंट यांनी हीच परीक्षा दूरच्या गावांतील गुणी मुले शोधून त्यांना शिष्यवृत्ती देण्यासाठी वापरली. साधन एकच, ते कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी आहे, यावर सारे अवलंबून.

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात निकाल देऊन प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत मोडीत काढली. ‘आता खऱ्या गुणवत्तेचा विजय झाला’ असे अनेक भारतीय कुटुंबांत आनंदाने बोलले गेले. त्या आनंदात सामील होण्यापूर्वी त्याच खटल्यात उघड झालेले आकडे पाहावेत. २०१४ ते २०१९ च्या पदवी तुकड्यांसाठी झालेल्या प्रवेशांत हार्वर्डमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेश मिळण्याचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. इतरांना जेमतेम ६. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४३ टक्के हे खेळाडू म्हणून निवडलेले, माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापकांची मुले, अथवा देणगीदार वगैरेंच्या खास यादीतील होते. २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासाने दाखवून दिले की, परीक्षेत समान गुण असतानाही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या निवडक विद्यापीठांत पोहोचतात. जन्माधिष्ठित आरक्षण नेमके कशाला म्हणावे, हे आपल्याहून अधिक कोणाला कळणार? कॅलिफोर्नियासारख्या राज्याने २०२४ मध्ये ही वारसाप्रथा कायद्याने बंद केली, हे सुचिन्ह आहे.

येथे आपल्याकडेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. उपनगरातील चांगल्या शाळेत शिकणारे, अभियंत्याच्या घरातले आपले मूल आणि ब्रॉन्क्समधील भाड्याच्या खोलीत राहणारे मूल एका रांगेत उभे नाहीत. आपल्या मुलांना आज मिळणारी शिकवणी, पुस्तके आणि स्वतंत्र खोली बाबासाहेबांच्या वाट्याला आली नव्हती. तेव्हा इतरांना मिळणाऱ्या संधीबद्दल आपल्या जेवणाच्या टेबलावर ‘त्यांनी आमच्या मुलाची जागा घेतली’ असे वाक्य उच्चारले जाऊ नये. भारतात हेच वाक्य आपल्याला ऐकवले गेले आहे.

मग आपल्या मुलांनी निबंधात काय लिहावे? हा प्रश्न आमच्या मंडळीत वारंवार निघतो. अर्जातील ‘एशियन’ या चौकटीत आपली जात दिसत नाही. आपण आणि आपल्याला शतकानुशतके दूर ठेवणारे, दोघेही त्यात सारखेच मोजले जातो. २०२३ च्या निकालातही, भेदभावाचा किंवा वारशाचा आपल्या जीवनावर झालेला परिणाम विद्यार्थ्याने सांगितला तर विद्यापीठाला तो विचारात घेता येईल, असे म्हटले आहे. काही घरांत मुलाने आजोबांची कहाणी लिहावी असा आग्रह असतो. काही घरांत, वर्गमित्रांना जात कळेल या भीतीने, आडनावही जपून उच्चारले जाते. आम्हाला वाटते, हा निर्णय मुलाचा असावा. पूर्वजांचे दुःख हे प्रवेशासाठी विकायचे सामान नव्हे, आणि लपवायचा कलंक तर नव्हेच. ज्याला लिहावेसे वाटते त्याने ताठ मानेने लिहावे. ज्याला ताऱ्यांवर, बुद्धिबळावर किंवा आजीच्या भाकरीवर लिहायचे आहे, त्याने तसे लिहावे. मात्र लिहिणे वा न लिहिणे हे भीतीतून नसावे. त्यासाठी मुलांना आपला इतिहास अर्ज भरण्याच्या वर्षी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी घरात कळलेला असला पाहिजे.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्यांना दाराबाहेर ठेवले गेले, त्यांनी केवळ दार ठोठावले नाही. त्यांनी स्वतःची दारेही उभारली. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, अमेरिकेतील ज्यू समाजाने मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे ब्रँडाइस विद्यापीठ उभे केले, सर्व धर्मांच्या व वंशांच्या विद्यार्थ्यांसाठी. सात दशकांनंतर, २०१९ च्या डिसेंबरात, आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश करणारे अमेरिकेतील पहिले विद्यापीठ कोणते ठरले? हेच ब्रँडाइस. बाहेर ठेवले जाणे काय असते हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी उभारलेल्या घरात आपले दुःख सर्वांत आधी ओळखले गेले.

पुढच्या मार्चमध्ये एखादे मूल विचारील, ‘‘माझ्यात काय कमी होते?’’ तेव्हा त्याला जवळ बसवावे आणि २८२ गुणांची गोष्ट सांगावी. मग १९१९ च्या त्या अर्जाचीही सांगावी. नामांकित विद्यापीठात जरूर अर्ज करावा. वंचित पार्श्वभूमीच्या मुलांना अशा शिक्षणाचा विशेष लाभ होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. प्रवेश मिळाला तर आनंदाने जावे आणि मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवावे. नाही मिळाला, तर राज्याच्या विद्यापीठात त्याच जिद्दीने शिकावे. बाबासाहेबांची थोरवी कोलंबियाच्या दारात उभे राहण्यात नव्हती. वाचनालयात ते किती वेळ बसले, आणि तेथून मिळवलेले ज्ञान घेऊन कोणाकडे परतले, यात होती.

जय भीम.