मेरी एलेनचा खटला

कायदा जनावरांना होता, मुलांना नव्हता; म्हणून न्यूयॉर्कच्या मेरी एलेनला ‘प्राणी’ ठरवून सोडविलें, अशी दंतकथा प्रसिद्ध आहे. इतिहास निराळा आहे.

ही मुलगी सांभाळणाऱ्या बाईचा मार खाते, हें एटा व्हीलर या सेवाव्रती स्त्रीला १८७३ च्या अखेरीस कळलें. पुराव्यावांचून कोणी हात घालीना. प्राणिरक्षक संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांनींही आधीं लेखी हकीकतच मागितली. ती बाईंनीं दिली. शेजाऱ्यांच्या जबान्या मिळाल्या. वकील एल्ब्रिज गेरी यांनीं हेबिअस कॉर्पस कायद्याच्या आधारें अर्ज केला. एप्रिल १८७४ मध्यें मुलगी न्यायमूर्ति लॉरेन्स यांच्यापुढें आली. चेहऱ्यावर कात्रीची जखम होती. त्या बाईला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षीं बालरक्षणाची संस्था निघाली.

लेखी पुराव्याचा हा आग्रह निष्ठुर वाटेल. पण मुलाला घरांतून काढण्याचा अधिकार ऐकीव गोष्टींवर चालूं नये, हेंही खरें. मात्र बंद दाराआडचें मूल स्वतः अर्ज लिहूं शकत नाहीं. त्याची हकीकत शेजाऱ्यांनींच लिहावी लागते.