अपंगत्वाच्या दोन व्याख्या : अमेरिकी कायदा आणि कंपनीची पॉलिसी

अमेरिकेत नोकरीला लागताना एचआर कागदांचा जो गठ्ठा पुढे करते, त्यात दातांच्या आणि चष्म्याच्या विम्याशेजारी ‘लाँग टर्म डिसॅबिलिटी’ नावाचे एक पान असते. बहुतेक जण त्यावर टिचकी मारून पुढे जातात. तिकडे पगारातून सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचे ६.२ टक्के कापले जातात आणि त्यातला ०.९ टक्का अपंगत्वाच्या निधीत जमा होतो. मालकही तेवढीच भर घालतो. आजारपणाने काम सुटले की या दोन्हींचे कागद एकदम उघडावे लागतात आणि घरात विचारले जाते : यातले कोणते घ्यायचे? प्रश्न असा मांडला की उत्तर चुकते, कारण सरकारकडून येणारी रक्कम पॉलिसीने आधीच स्वतःच्या हिशेबात धरलेली असते. ते कसे, हे कलमे वाचल्यावरच दिसते. पुढे दिलेल्या कायद्याच्या ओळी म्हणजे सोशल सिक्युरिटी कायद्यातील व्याख्येचा आणि पात्रतेचा आशय आहे. पॉलिसीच्या ओळी कंपन्यांच्या गटविम्यात सर्रास आढळणाऱ्या तरतुदींच्या आहेत.

कायदा : कोणतेही भरीव कमाईचे काम करता न येणे

सगळा भार ‘कोणतेही’ या शब्दावर आहे. पंधरा वर्षे केलेले काम आता जमत नाही, एवढे सिद्ध करून भागत नाही. वय, शिक्षण आणि अनुभव लक्षात घेता देशात पुरेशा संख्येने असलेले दुसरे एखादे काम जमेल का, हे पाहिले जाते. ते काम तुमच्या गावात आहे का, तिथे जागा रिकामी आहे का, तुम्हाला कोणी ठेवून घेईल का, हे प्रश्न कायद्याने स्पष्ट शब्दांत बाजूला काढले आहेत. ‘भरीव’ची मोजपट्टीही ठरलेली आहे : २०२५ मध्ये ती महिन्याला १,६२० डॉलर होती, अंध व्यक्तीसाठी २,७००. त्याहून जास्त कमावणाऱ्याचा अर्ज पहिल्याच पायरीवर थांबतो. आंशिक अपंगत्व या योजनेला ठाऊक नाही. वयाला मात्र मान आहे. पन्नाशी ओलांडलेल्या अंगमेहनतीच्या कामगाराला ‘आता बसून करायचे काम शिका’ असे सांगणे १९७८ च्या नियमांनी बरेच अवघड केले. पस्तिशीतल्या संगणक अभियंत्याला हा आडोसा मिळत नाही.

कायदा : वैद्यकीय तपासणीने निश्चित करता येईल अशा शारीरिक वा मानसिक विकारामुळे

वेदना आहे, थकवा आहे, हे अर्जदाराने सांगितले की त्यामागचा विकार कागदावर दाखवावा लागतो. फाइल वाचणारे राज्य सरकारच्या कार्यालयात बसलेले असतात आणि बहुतेक वेळा अर्जदाराला न भेटताच निर्णय देतात. म्हणून डॉक्टरांच्या नोंदीत काय लिहिले आहे याला फार किंमत आहे. ‘पेशंट बरा आहे’ असे सवयीने लिहिलेले एक वाक्य दोन वर्षांनी आडवे येते. ‘वीस मिनिटांपेक्षा जास्त बसता येत नाही, उजव्या हाताची पकड सुटते’ असे लिहिलेले उपयोगी पडते. डॉक्टरांना तसे लिहायला सांगण्यात संकोच नको. ती अतिशयोक्ती नव्हे, नोंद आहे.

कायदा : ज्यातून मृत्यू संभवतो, किंवा जो सलग बारा महिने टिकला आहे वा टिकेल

ही मुदत १९६५ ची. १९५६ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा आजार दीर्घ आणि अनिश्चित काळ चालणारा असावा लागे आणि लाभ पन्नाशीनंतरच मिळे. १९६० मध्ये वयाची अट गेली. बारा महिन्यांच्या अटीखेरीज पहिले पाच पूर्ण महिने काहीच मिळत नाही, आणि पात्र झाल्यावर मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यासाठी आणखी चोवीस महिने थांबावे लागते. एएलएस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांना या दोन्ही प्रतीक्षा आता माफ आहेत. बाकीच्यांनी, म्हणजे कर्करोगाच्या रुग्णांनीसुद्धा, त्या काढायच्या. यातल्या दुसऱ्या प्रतीक्षेचे समर्थन मला कधीच पटलेले नाही. नोकरी गेली की आरोग्यविमा जातो, आणि नेमक्या त्याच दोन वर्षांत उपचार सर्वांत महाग असतात.

कायदा : अर्जदार विमापात्र असला पाहिजे

आपल्या माणसांनी इथे थांबून वाचावे. कमाईवर वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट मिळतात, आणि एकतिशी ओलांडलेल्याला मागच्या दहा वर्षांत किमान वीस लागतात. पुण्याहून पस्तिसाव्या वर्षी एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीतल्या एडिसनला आलेला माणूस तीन वर्षांनी आजारी पडला, तर त्याच्या खात्यावर साधारण बारा क्रेडिट असतील. कर पहिल्या पगारापासून कापला गेला तरी लाभ नाही. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेची वर्षे एकत्र धरण्याचा करार नसल्याने पुण्यातली पीएफची वर्षेही इथे चालत नाहीत. अशा माणसाला न्यू जर्सी राज्याचा तात्पुरत्या अपंगत्वाचा विमा सव्वीस आठवड्यांपर्यंत हात देतो, पण त्यापुढे फक्त कंपनीची पॉलिसी असते. ते पान टिचकी मारून सोडण्याचे नाही.

पॉलिसी : पहिले चोवीस महिने स्वतःच्या व्यवसायातील मुख्य कामे करता न येणे; त्यानंतर कोणत्याही व्यवसायातील

पॉलिसी सुरुवातीला कायद्याहून उदार असते. शल्यचिकित्सकाचा हात थरथरू लागला तर तो शिकवू शकतो का, हे पहिली दोन वर्षे विचारले जात नाही. ९० किंवा १८० दिवस थांबल्यावर पगाराच्या साधारण ६० टक्के मिळू लागतात. चोविसाव्या महिन्याच्या आसपास मात्र कंपनीकडून नवे फॉर्म येतात, नव्या तपासण्या मागितल्या जातात. प्रकृतीत काही बदललेले नसते, बदललेली असते व्याख्या. तरीही दुसऱ्या टप्प्यातले ‘कोणतेही’ बऱ्याच पॉलिसींत ‘पूर्वीच्या पगाराच्या अमुक टक्के मिळवून देणारे’ असे मर्यादित केलेले असते. ते टक्के किती, हे आपल्या प्रतीत शोधून खूण करून ठेवावे. नोकरी बदलणाऱ्यांनी आणखी एक कलम पाहावे : विमा सुरू होण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत ज्या आजारावर उपचार घेतले, त्याच आजाराने पहिल्या वर्षात काम सुटले, तर अनेक पॉलिसी पैसे देत नाहीत.

पॉलिसी : सोशल सिक्युरिटीतून तुम्हाला व तुमच्या आश्रितांना मिळणारी वा मिळू शकणारी रक्कम वजा केली जाईल

दोन योजनांची खरी गाठ इथे पडते. समजा पगार महिना ६,००० डॉलर होता. साठ टक्क्यांनी ३,६०० झाले. सरकारने अर्जदाराला २,१०० आणि त्याच्या लहान मुलाला १,०५० मंजूर केले. विमा कंपनी आता ४५० देईल. घरात येणारे पैसे मंजुरीपूर्वी ३,६०० होते आणि मंजुरीनंतरही ३,६००. बोजा तेवढा एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेला. मुलाच्या नावाने आलेले पैसेही कंपनीच्या वजाबाकीत गेले, हे मला उघड अन्याय्य वाटते. ती रक्कम संसदेने मुलासाठी ठेवली होती.

‘मिळू शकणारी’ या शब्दांना धार आहे. अर्जच केला नाही तर कंपनी अंदाजे आकडा धरून कापू शकते, म्हणून अर्ज करण्यावाचून गत्यंतर नसते. मंजुरीला दीड वर्ष लागले तर मागची थकबाकी एकरकमी येते आणि पाठोपाठ कंपनीचे पत्र : या काळात तुम्हाला जास्त दिले, परत करा. तसा करार सुरुवातीलाच सही करून घेतलेला असतो. ही थकबाकी आली त्या दिवशी वेगळी ठेवावी. त्यातून कर्ज फेडायला घेतले तर पुढे रडकुंडीला यावे लागते.

मेटलाइफ विरुद्ध ग्लेन या २००८ च्या निकालात हेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. सियर्स या दुकानसाखळीत काम करणाऱ्या, हृदयविकार झालेल्या स्त्रीला विमा कंपनीने सोशल सिक्युरिटीकडे अर्ज करायला सांगितले. तिला कोणतेही काम होत नाही, हे सरकारने मान्य केले. थकबाकीचा मोठा भाग कंपनीकडे गेला. नंतर त्याच कंपनीने, तुम्हाला बैठे काम जमते असे म्हणून लाभ नाकारला. निर्णय देणारा आणि पैसे देणारा एकच असेल तर तो हितसंबंध न्यायालयाने विचारात घ्यावा, असे ठरले आणि नकार रद्द करणारा खालचा निकाल कायम राहिला. तरीही सरकारी मंजुरी कंपनीवर आपोआप बंधनकारक होत नाही.

मग एवढे करून सरकारी अर्जाचा फायदा काय? बराच आहे. महागाईनुसार सरकारी रक्कम वाढते, आणि बऱ्याच पॉलिसी पहिल्या वजावटीनंतरची ती वाढ कापत नाहीत. मेडिकेअर मिळते. कमाईविना गेलेली वर्षे निवृत्तिवेतनाचा आकडा खाली ओढत नाहीत. आणि पॉलिसी बंद पडली तरी हा लाभ चालू राहतो.

पॉलिसी : मानसिक आजारासाठी लाभ चोवीस महिन्यांपुरता

कायद्यात अशी मर्यादा नाही. स्किझोफ्रेनिया आणि मणक्याचा आजार तिथे एकाच कसोटीला लागतात. पॉलिसीतला हा भेद वैद्यकाला धरून नाही, खर्चाला धरून आहे. मानसिक आजार असलेल्याने सरकारी अर्ज दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत लांबवणे म्हणजे पायाखालची दुसरी फळी काढून ठेवणे होय.

पॉलिसी : हप्ता कोण भरतो

एका ओळीचे कलम, पण करासाठी निर्णायक. मालकाने हप्ता भरला आणि तो तुमच्या उत्पन्नात धरला गेला नाही, तर मिळणारा लाभ करपात्र. तुम्ही कर भरलेल्या पगारातून हप्ता दिला तर लाभ करमुक्त. एचआर पर्याय देत असेल तर दुसरा घ्यावा. महिन्याला काही डॉलर जातात, पण पुढे ६० टक्के खरोखरच ६० टक्के राहतात.

पॉलिसी : नकार मिळाल्यापासून १८० दिवसांत अपील

सरकारी अपिलाची मुदत ६० दिवसांची, पण तिथे न्यायाधीशासमोर बसून आपली बाजू तोंडी मांडता येते. कंपनीच्या योजना १९७४ च्या एरिसा कायद्याखाली येतात. तिथे मुदत मोठी आहे, पण दार अरुंद. न्यायालय बहुधा अपिलापर्यंत फाइलमध्ये असलेलेच कागद पाहते. नवा एमआरआय, नवा साक्षीदार सहसा चालत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मताला झुकते माप देण्याचे बंधनही कंपनीवर नाही. ते २००३ मध्ये ब्लॅक अँड डेकर विरुद्ध नॉर्ड या खटल्यात ठरले. म्हणून १८० दिवसांतले पहिले पत्र संपूर्ण क्लेम फाइलची प्रत मागणारे असावे. ती मोफत द्यावी लागते. अपील पाठवताना सोशल सिक्युरिटीचा मंजुरी आदेश, डॉक्टरांचे सविस्तर पत्र, कामाच्या प्रत्यक्ष स्वरूपाबद्दल सहकाऱ्यांचे निवेदन, असे सगळे एकाच वेळी जोडावे आणि पोहोचपावती जपून ठेवावी.